चिनी अभिजात साहित्यावरचे शृंगारिक पोशाखी चित्रपट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या प्रकारात नेमके कोणते चित्रपट धरायचे?

मिंग आणि छिंग राजवटीतल्या कादंबऱ्या-कथांवरून घेतलेले, त्या काळचा पोशाख आणि वाडे दाखवणारे आणि ज्यांच्यात शृंगार हाच विकायचा माल आहे, असे चित्रपट. बहुतेक हाँगकाँगचे, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९० च्या दशकाअखेरपर्यंतचे. कच्चा माल थोड्याच ठिकाणांहून येतो. पहिली ‘जिन फिंग मेई’, शंभर प्रकरणांची कादंबरी. दुसरी ‘रौ फूथ्वान’, वीस प्रकरणांची, १६५७ ची, ली यू या नाटककाराच्या नावावर सांगितली जाणारी. तिसरा फू सोंगलिंगचा ‘ल्याओजाई’ हा भुताखेतांच्या आणि कोल्हिणींच्या कथांचा संग्रह. शिवाय फंग मंगलोंग आणि लिंग मंगछू यांचे सतराव्या शतकातले कथासंग्रह. त्यांतल्या गोष्टी दोन-तीन एकत्र बांधून एका चित्रपटात घालतात.

‘लस्ट, कॉशन’ (२००७) यात येत नाही. ती विसाव्या शतकातली कथा आहे. ‘रेज द रेड लँटर्न’ही नाही. वाडा, सवती आणि कंदील दिसले की लोक तो याच खान्यात टाकतात, पण त्याचं मूळ आधुनिक लघुकादंबरीत आहे.

मूळ पुस्तकं खरोखरच ‘तसली’ आहेत का?

‘रौ फूथ्वान’ आहे, आणि ते लपवतही नाही. ‘जिन फिंग मेई’बद्दल मात्र लोकांचा अंदाज साफ चुकतो. १९८५ मध्ये बीजिंगच्या पीपल्स लिटरेचर प्रकाशनाने तिची गाळीव आवृत्ती काढली, तेव्हा १९,१६१ अक्षरं वगळली. पूर्ण कादंबरी सात-आठ लाख अक्षरांच्या घरातली. म्हणजे आक्षेपार्ह भाग तीन टक्क्यांच्या आतबाहेर. उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांत जेवणावळी, लाचलुचपत, नोकरांची भांडणं, मर्तिकं, ज्योतिषी, कापडाचे भाव आणि चांदीचे हिशेब आहेत.

हिशेबाचं एक उदाहरण पुरेसं आहे. नायक शीमन छिंग आपल्या पाचव्या बायकोला, फान जिनल्यानला, शिंपल्यांचं जडावकाम केलेला कठड्याचा पलंग घेऊन देतो. किंमत ६० ल्यांग चांदी. ल्यांग म्हणजे साधारण ३७ ग्रॅम, तेव्हा सव्वादोन किलो चांदी झाली. त्याच घरात स्वयंपाकाच्या कामाला विकत आणलेली मुलगी ६ ल्यांगची. एका पलंगात दहा माणसं! चित्रपटात तो पलंग हमखास दिसतो, त्याची किंमत कुणी सांगत नाही. आमच्या मते रूपांतर चांगलं की वाईट हे इथेच कळतं: पुस्तकातली शेज घेतली आणि खतावणी टाकली, तर हाती उरतो तो नुसता पलंग.

शंभर प्रकरणांतलं दोन तासांत काय येतं?

बहुतेक वेळा पहिली नऊ-दहा प्रकरणं आणि मग एकदम एकोणऐंशीवं. सुरुवातीचा भाग ‘श्वेई हू जुआन’ या आणखी जुन्या, बंडखोरांच्या कादंबरीतून उचललेला आहे आणि तो पडद्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. वाफेवरच्या पोळ्या विकणारा बुटका वू दालांग, त्याची देखणी बायको जिनल्यान, वाघ मारून आलेला धाकटा दीर वू सोंग. एक दिवस जिनल्यान खिडकीचा पडदा खाली घेत असताना आधाराची काठी हातातून निसटते आणि रस्त्यावरून चाललेल्या शीमन छिंगच्या डोक्यावर पडते. तो रागावून वर बघतो आणि राग तिथेच विरतो. शेजारची चहावाली वांग म्हातारी हे सगळं पाहत असते.

पुढे म्हातारी त्याला दहा पायऱ्यांची योजना सांगते. तिने आपलं मरणवस्त्र शिवायला जिनल्यानला बोलवायचं. ती आली तर एक हिस्सा काम झालं. तिने म्हातारीच्याच घरी बसून शिवलं तर दोन. तिसऱ्या दिवशी शीमनने सहज आल्यासारखं यायचं, ती उठून गेली नाही तर आणखी पुढे, असं करत करत दहाव्या पायरीला त्याने मुद्दाम जेवणाची काडी खाली पाडायची आणि उचलायच्या निमित्ताने तिच्या पायाला हात लावायचा. ओरडली तर म्हातारी धावत येणार आणि प्रकरण तिथेच मिटणार; गप्प राहिली तर झालं. हा प्रसंग दिग्दर्शकाची परीक्षा असतो. घाईत दहा पायऱ्यांच्या तीन झाल्या की सगळा ताण जातो, आणि काडी पडते ती नुसतीच पडते.

मग हृदयदुखीच्या औषधात सोमल घालून नवऱ्याचा खून, आणि इथे वाट फुटते. ‘श्वेई हू’मध्ये वू सोंग परत येऊन दोघांनाही मारतो. ‘जिन फिंग मेई’मध्ये शीमन निसटतो, वू सोंग भलत्याच माणसाला मारतो आणि हद्दपार होतो; जिनल्यान शीमनच्या वाड्यात पाचवी बायको म्हणून येते आणि खरी कादंबरी तिथून सुरू होते. आपण पाहतोय तो चित्रपट कोणत्या पुस्तकाचा, हे यावरून ओळखायचं. तासाभरात शीमन मेला तर ‘श्वेई हू’. घरात सहावी बायको ली फिंगअर आली तर ‘जिन फिंग मेई’.

गाळलं जातं ते शीमनच्या मरणानंतरचं: वीसेक प्रकरणं, घराची वाताहत, दासी छुनमेईचं वर चढणं आणि शेवटी कोसळणं. कादंबरीच्या नावातली तिसरी स्त्री तीच, तरी चित्रपटांत ती बहुधा तोंडी लावण्यापुरती.

शीमन छिंग कसा मरतो? प्रत्येक चित्रपटात वेगळंच दाखवतात.

कादंबरीत असा. एकोणपन्नासाव्या प्रकरणात त्याला एक परदेशी भिक्षू भेटतो. हा भिक्षू स्वतःचं गाव पश्चिमेकडच्या थ्येनजू देशात, म्हणजे भारतात, असल्याचं सांगतो. तो कामोत्तेजक गोळ्या देतो आणि बजावतो: एका वेळी एकच. एकोणऐंशीव्या प्रकरणात शीमन दारू पिऊन, थकून जिनल्यानकडे येतो. डबीत चार गोळ्या उरलेल्या. एक ती स्वतः घेते, तीन त्याला चारते. तो लगेच मरत नाही; काही दिवस हाल होतात, सूज येते, वैद्यांवर वैद्य येतात. वय ३३. धंदा काय, तर जडीबुटीच्या औषधांचं दुकान! मरताना दुकानांचं भांडवल आणि लोकांकडची येणी एकेक करून सांगतो.

चित्रपटाला इतका धीर नसतो. तिथे तो शेजेवरच गतप्राण होतो आणि पडद्यावर अक्षरं उमटतात. त्यामुळे शिक्षा दिसते, पण त्यामागचा लेखकाचा खवट विनोद निसटतो.

ली हान-श्यांग हे नाव सारखं का येतं?

कारण हा प्रकार जवळजवळ त्यानेच उभा केला. जन्म १९२६, शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या चित्रपट कंपनीचा मोठा दिग्दर्शक, १९६३ चा संगीतमय ‘द लव्ह इटर्न’ त्याचाच. त्याच वर्षी शॉ सोडून तैवानमध्ये स्वतःची कंपनी काढली, ती कर्जात बुडाली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो शॉकडे परतला, तेव्हा हातात भव्य बजेट नव्हतं. मग कमी खर्चात गल्ला भरणारे दोन प्रकार त्याने धरले: ठकसेनांच्या गोष्टी आणि शृंगारिक पोशाखी चित्रपट, ज्यांना तिकडे ‘फंगय्वे’ म्हणतात. सेट, कपडे, वाडे शॉच्या क्लिअरवॉटर बेच्या स्टुडिओत तयारच होते.

‘जिन फिंग मेई’ने त्याला आयुष्यभर सोडलं नाही. १९७४ चा ‘द गोल्डन लोटस’, १९८२ चा ‘टायगर किलर’, १९९१ आणि १९९४ मध्ये पुन्हा. ‘टायगर किलर’ शृंगारिक कमी आणि शोकांतिका जास्त; ती लुंग हा नट त्यात वू सोंग आहे आणि जिनल्यान झालेल्या वांग फिंगला तैवानचा गोल्डन हॉर्स पुरस्कार मिळाला. १९९६ मध्ये बीजिंगमध्ये काम चालू असतानाच दिग्दर्शक वारला.

बाकीच्यांपेक्षा तो वेगळा उठून दिसतो तो घराच्या तपशिलामुळे. कोणती बायको कुठल्या खुर्चीवर बसते, दासी पडद्याआडून काय ऐकते, चहा कोण कुणाला देतं याकडे त्याचं लक्ष असतं. खोली फर्निचरने भरलेली, आणि चौकटीच्या कडेला कुणीतरी चोरून बघणारं. कादंबरीतही तसंच आहे; तिथे एकांत कुणालाच मिळत नाही.

सुरुवात कशापासून करावी?

१९७४ च्या ‘द गोल्डन लोटस’पासून. फान जिनल्यान झालेली हू जिन आणि ली फिंगअर झालेली थ्येन नी दोघीही भूमिका म्हणून ती पात्रं वठवतात. त्यातली दासी-मालकिणींची धुसफूस नीट पाहा. नंतर ‘टायगर किलर’. तीच गोष्ट, तोच दिग्दर्शक, पण कॅमेरा दिराच्या बाजूने. मग १९९१ चा ‘सेक्स अँड झेन’. चौथा ‘द रिइन्कार्नेशन ऑफ गोल्डन लोटस’ (१९८९), त्याबद्दल खाली. नव्वदच्या दशकातली ‘न्यू जिन फिंग मेई’ ही यांग स-मिन आणि शान लीवन यांची पाच भागांची मालिका प्रसंग जास्त घेते, पण प्रकाशयोजना दूरदर्शन मालिकेसारखी सपाट. २००८ आणि २००९ च्या ‘फॉरबिडन लेजेंड’च्या दोन भागांवर वेळ घालवू नये.

‘सेक्स अँड झेन’ पुस्तकाशी कितपत इमान राखतो?

सांगाड्याशी पुष्कळ, सुराशी कमी. ‘रौ फूथ्वान’ची गोष्ट अशी: वेईयांगशंग नावाचा हुशार तरुण भिक्षूला सांगतो की वैराग्याआधी मला जगातली सगळ्यात सुंदर स्त्री हवी. कर्मठ घरातल्या यूश्यांगशी त्याचं लग्न होतं, तिला तो शृंगार शिकवतो आणि सोडून बाहेर पडतो. साई खुनलुन नावाचा चोर त्याला तोंडावर सांगतो की तुझी हौस दांडगी, पण सामग्री तोकडी. मग शस्त्रक्रिया करून कुत्र्याच्या अवयवाचं कलम करतात. तो दुसऱ्यांच्या बायका भोगतो; त्यातल्याच एकीचा नवरा सूड म्हणून यूश्यांगला फसवून राजधानीच्या वेश्यागृहात विकतो. शेवटी नवरा तिथे गिऱ्हाईक म्हणून पोचतो, ती त्याला ओळखून गळफास घेते आणि तो भिक्षूकडे परततो.

मायकल माकच्या चित्रपटात कुत्र्याच्या जागी घोडा आला, आणि त्या शस्त्रक्रियेचा तमाशा झाला: वीज, वादळ, केंट चेंगचा धांदरट वैद्य. लो लिएहचा चोर आणि एल्व्हिस त्सुईचा फसवला गेलेला नवरा मात्र झकास जमलेत. लेखक मधूनच वाचकाला कोपरखळी मारतो, ती जागा चित्रपटाने प्रहसनाने भरली आहे. तरी कर्मफळाची साखळी शाबूत आहे, दुसऱ्याच्या बायकोचं जे केलं तेच आपल्या बायकोचं झालं हे प्रेक्षकाला स्वच्छ कळतं. म्हणूनच तो टिकला. हाँगकाँगमध्ये त्याने सुमारे १.८ कोटी हाँगकाँग डॉलर गल्ला जमवला. १९९६ आणि १९९८ च्या पुढच्या भागांचा पुस्तकाशी संबंध नावापुरताच.

त्रिमितीय आवृत्ती पाहावी का?

‘थ्री-डी सेक्स अँड झेन’ एप्रिल २०११ मध्ये लागला आणि पहिल्याच दिवशी २७ लाखांहून जास्त हाँगकाँग डॉलर मिळवून ‘अवतार’चा तिथला पहिल्या दिवसाचा आकडा मागे टाकला. चीनच्या मुख्य भूमीतून लोक सहली काढून आले. नाव मोठं, लक्षण खोटं. उत्तरार्धात बळजबरी आणि छळाचे प्रसंग लांबलचक आहेत आणि ते शृंगार म्हणूनच मांडलेत. ज्यांना हे पाहवत नाही त्यांनी सरळ टाळावा. सपाट पडद्यावर तर अंगावर फेकल्या जाणाऱ्या वस्तू, कारण नसताना, कॅमेऱ्याकडे येत राहतात.

पडद्यावर नेमकं किती दिसतं?

संभोग अभिनित असतो, प्रत्यक्ष नाही. सत्तरच्या दशकात नग्नता थोडी, सूचन जास्त: जाळीचा पडदा, हलणारी मच्छरदाणी, पायाशी पडलेली लाल सपाता. जिनल्यानच्या चपलेत दारूचा पेला ठेवून पिणं सहाव्या प्रकरणात आहे आणि चित्रपटांनी ते आवडीने घेतलं, कारण कात्री न लागता सगळं कळतं. नव्वदच्या दशकात नग्नता वाढली आणि कसरतीही: झुंबराला लोंबकळणं, तारेवरून उडणं. ती हाँगकाँगच्या मारामारीपटांच्या तंत्राची देणगी.

‘कॅटेगरी थ्री’ म्हणजे काय?

हाँगकाँगमध्ये नोव्हेंबर १९८८ पासून लागू झालेल्या कायद्याने चित्रपटांचे तीन वर्ग केले. पहिला सर्वांसाठी, दुसऱ्याला नुसता सल्ला (१९९५ मध्ये त्याचे ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन झाले), तिसरा १८ वर्षांखालील प्रेक्षकांना पूर्ण बंद. तिसऱ्यात फक्त शृंगार येत नाही. हिंसा किंवा गुंडटोळ्यांची बोली असली तरी हाच शिक्का बसतो. तेव्हा ‘कॅटेगरी थ्री’ लिहिलंय म्हणून पोशाखी शृंगार मिळेल असं नाही, खाटीकखाना मिळण्याचीही तितकीच शक्यता. १९८८ पूर्वीच्या चित्रपटांना हा शिक्का नंतर, पुनर्प्रदर्शनात किंवा डिस्कवर लागला.

भुतांच्या कथा यात कशा आल्या?

‘ल्याओजाई’मुळे. फू सोंगलिंगच्या (१६४०–१७१५) जवळपास पाचशे कथा १७६६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पन्नासेक वर्षांनी, छापून आल्या. एकटा विद्यार्थी, पडकं देऊळ, रात्री दार ठोठावणारी सुंदरी. ती निघते भूत किंवा कोल्हीण. शृंगार कथेतच आहे, पण दोन ओळींत उरकलेला. ‘न्ये श्याओछ्येन’ या कथेतली भूतकन्या पुरुषांना दोन प्रकारे मारते: जवळ आला तर झोपेत तळपाय टोचून रक्त काढायचं, जवळ नाही आला तर सोनं द्यायचं. ते सोनं म्हणजे राक्षसाचं हाड, काळीज पोखरणारं. राक्षस आपलेच, बौद्ध ग्रंथांबरोबर तिकडे गेलेले.

या कथेवर ली हान-श्यांगने १९६० मध्ये ‘द एन्चँटिंग शॅडो’ केला, आणि १९८७ चा ‘अ चायनीज घोस्ट स्टोरी’ही याच कथेचा. दोन्ही सोज्वळ आहेत. उघड शृंगाराकडे वळला तो ‘इरॉटिक घोस्ट स्टोरी’ (१९९०): तीन कोल्हिणी आणि एक विद्यार्थी. ‘ल्याओजाई’चं फक्त नाव आणि वातावरण, कथानक एका अमेरिकन चित्रपटाच्या वळणाचं. ‘सेक्स अँड झेन’मधली नटी एमी यिप त्यातही आहे. कपडे आणि धूर पाहायचा असेल तर ठीक.

पोशाख आणि काळ कितपत खरा?

‘जिन फिंग मेई’ची गोष्ट घडते उत्तर सोंग राजवटीत, बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, वर्णन मात्र लेखकाच्या डोळ्यांसमोरच्या मिंग काळाचं, सोळाव्या शतकाचं. म्हणून चित्रपटात मिंग पद्धतीचं फर्निचर दिसलं तर ती चूक नाही, उलट पुस्तकाला धरूनच आहे. चूक तेव्हा, जेव्हा पुरुषाच्या डोक्यामागे लांब वेणी दिसते. ती सक्ती १६४५ पासूनची, मांचू राज्यकर्त्यांची.

सगळ्यात मोठी पळवाट पायांची. कादंबरीत स्त्रीचं सौंदर्य आधी पायात: बांधून तीन छुनपर्यंत, म्हणजे साधारण दहा सेंटीमीटरवर आणलेले पाय. जिनल्यानच्या नावाचा अर्थच सोनेरी कमळ, आणि बांधलेल्या पावलालाही तेच म्हणत. नट्यांचे पाय अर्थातच साधे. मग घागरा जमिनीपर्यंत सोडतात, चालतानाची चौकट गुडघ्यापाशी कापतात आणि छोटी चप्पल हातात किंवा उशीवर वेगळी दाखवतात. जवळून दाखवलेला अनवाणी पाय आला, की पुस्तकातला कामुकतेचा केंद्रबिंदूच हलला म्हणून समजा.

माझ्या प्रतीची लांबी वेगळी आहे. कापलेली आहे का?

आधी भागाकार करा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. युरोपातल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ ने पळतो. त्यामुळे ९९ मिनिटांचा चित्रपट ९५ चा होतो, काहीही न कापता. आवाजही थोडा बारीक येतो. तुमच्या प्रतीच्या मिनिटांना २५ ने गुणून २४ ने भागा. तरीही मिनिटापेक्षा जास्त फरक राहिला, तर कात्री लागली आहे.

कुठे लागली ते कानाने शोधा. पार्श्वसंगीत सुरातच तुटून दुसरीकडून सुरू झालं, की तिथे काप. चित्र सराईतपणे जोडता येतं, सूर जोडता येत नाही. दूरदर्शनसाठी किंवा दुसऱ्या देशाच्या सेन्सॉरसाठी केलेल्या प्रती पुढे डिस्कवर येतात, हे नेहमीचं.

दुसरी गोष्ट रुंदी. शॉचे चित्रपट शॉस्कोप, साधारण २.३५ ला १. जुन्या व्हीसीडीवर चौकोनी चित्र असेल, तर दोन्ही बाजूंचं जवळजवळ अर्धं गेलं. ली हान-श्यांगच्या बाबतीत म्हणजे चोरून बघणारी दासीच गेली. २००० मध्ये सेलेस्टियल पिक्चर्सने शॉचा साडेसातशेहून जास्त चित्रपटांचा संग्रह घेतला आणि दुरुस्त करून डीव्हीडीवर आणला. त्या पाहाव्यात. हाँगकाँगची डीव्हीडी विभाग ३ ची, भारत विभाग ५ मध्ये. ब्लू-रेला हाँगकाँग ‘ए’, भारत ‘सी’. प्लेअर सर्व विभागांचा नसेल तर डिस्क चालणारच नाही. मागवण्याआधी तपासा.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत. प्रत खराब आहे का?

नाही. शॉचे चित्रपट मूक चित्रित करून नंतर मँडरिनमध्ये डब करत. थोडी तफावत मूळचीच. १९९१ चा ‘सेक्स अँड झेन’ कँटोनीज आहे. त्याची इंग्रजी डब आवृत्ती टाळा, विनोद पार मरतो. सबटायटलमध्ये नावांचा घोळ ठरलेला, कारण कँटोनीज उच्चार वेगळे. शीमन छिंगचा साई मून हिंग होतो, फान जिनल्यानची पून गाम-लिन, वेईयांगशंगचा मेई यौंग सांग. माणसं तीच.

एकाच नावाचे इतके चित्रपट. शोधताना गफलत कशी टाळायची?

इंग्रजी नावावर भरवसा ठेवू नका. ‘गोल्डन लोटस’ हे शब्द निदान चार वेगवेगळ्या चित्रपटांच्या नावांत आहेत. वर्ष आणि दिग्दर्शक ही जोडी पक्की धरा, आणि चिनी नाव मिळालं तर उत्तम. १९७४ च्या चित्रपटाच्या चिनी नावात जिन आणि फिंग या दोघीच आहेत, ‘मेई’ नाही. हा तो, अशी खूण पटते. जपानचाही एक आहे: कोजी वाकामात्सूचा १९६८ चा ‘किनपेइबाई’. ते ‘जिन फिंग मेई’चंच जपानी वाचन.

जिनल्यानची बाजू घेणारा एकही चित्रपट नाही?

आहे, ‘द रिइन्कार्नेशन ऑफ गोल्डन लोटस’. दिग्दर्शिका क्लारा लॉ, कथा लिलियन ली यांची, जिनल्यान जोई वाँग. मेल्यावर प्रत्येक जीवाला विस्मरणाचं पेय प्यावं लागतं, ते जिनल्यान पीत नाही. ती विसाव्या शतकात पुन्हा जन्मते, सांस्कृतिक क्रांतीत भरडली जाते आणि लग्न होऊन हाँगकाँगला येते. नवरा बुटका, मिठाईचा दुकानदार (एरिक त्सांग), म्हणजे वू दालांगच. काठी, दीर, औषध सगळं पुन्हा समोर येऊ लागतं आणि तिला हळूहळू आठवू लागतं. नग्नता फारशी नाही. वाड्याबाहेर, मोटारींच्या शहरात नेऊनही गोष्टीचा सापळा तसाच घट्ट बसतो, आणि खरी दुष्ट कोण हा प्रश्न प्रेक्षकाच्या पदरात टाकतो.

मूळ कादंबरीत तिचा शेवट भयानक आहे. शीमन मेल्यावर तिला विकायला काढतात. वू सोंग १०० ल्यांग चांदी मोजून, लग्नाच्या बहाण्याने तिला घरी नेतो आणि भावाच्या स्मृतिपाटीसमोर तिला मारतो. १०० ल्यांगांचा हा व्यवहार फारच थोड्या चित्रपटांत आहे.

चीनमध्ये हे चित्रपट आणि पुस्तकं चालतात का?

मुख्य भूमीवर वयानुसार वर्गवारीच नाही. चित्रपट सगळ्यांना दाखवण्याजोगा असेल तर मंजूर, नाही तर नाही. त्यामुळे हे चित्रपट तिथल्या थिएटरांत लागत नाहीत. पुस्तकाचं वेगळं. १९५७ मध्ये ‘जिन फिंग मेई’च्या दोन हजार प्रती वरिष्ठ अधिकारी आणि अभ्यासकांपुरत्या छापल्या, मग १९८५ ची गाळीव आवृत्ती.

भारतात पाहणं कायदेशीर आहे का?

सार्वजनिक प्रदर्शनाला केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. अश्लील ठरणाऱ्या मजकुराची विक्री-वितरण भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ खाली येतं, आणि तो इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली. म्हणजे प्रसंग कापून समूहांत पुढे ढकलणं, हीच खरी जोखीम. परदेशातून मागवलेलं अश्लील साहित्य सीमाशुल्क विभाग अडवू शकतो. ओटीटी मंचावर असेल तर ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) वर्गात पाहावं.

आधी पुस्तक की आधी चित्रपट?

‘रौ फूथ्वान’ आधी वाचा. पॅट्रिक हॅनन यांचं १९९० चं इंग्रजी भाषांतर दोन-तीन बैठकांत संपतं. ‘जिन फिंग मेई’साठी डेव्हिड रॉय यांचे पाच खंड (१९९३ ते २०१३) हजारो टिपांसह आहेत, एका दमात होत नाहीत. पहिली दहा प्रकरणं, सत्ताविसावं, एकोणपन्नासावं आणि एकोणऐंशीवं वाचून चित्रपट लावला तरी पुष्कळ कळतं. क्लेमंट एजर्टन यांचं १९३९ चं भाषांतर सोपं आहे, पण जुनी प्रत हाती आली तर नेमके शृंगाराचे भाग लॅटिनमध्ये दिसतील. सभ्यतेसाठी केलेली सोय ती. ‘ल्याओजाई’साठी जॉन मिनफर्ड यांची १०४ कथांची निवड पुरे.

१९७४ च्या चित्रपटात जॅकी चॅन आहे, हे खरं?

खरं, पण छोट्या भूमिकेत. तो युनग, नासपती विकणारा पोरगा. म्हातारी त्याला बदडून हाकलते, म्हणून तो वू दालांगला जाऊन सगळं सांगतो आणि दोघं मिळून छापा घालतात: पोराने म्हातारीला डोक्याने भिंतीशी रेटायचं, नवऱ्याने आत घुसायचं. शीमन नवऱ्याच्या छातीत लाथ घालतो आणि पोरगा पसार होतो. जॅकी चॅनचा सिनेमा म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका.